डिसॅबिलिटी पेन्शनचं अपील रखडलंय? आधी पत्रावरची तारीख बघा

घरात फौजच्या रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानाचे सर्व्हिसचे कागद ठेवणाऱ्या ऑफिसचं, ते पत्र असेल, ज्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं की तुमचा आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेला पण नाही म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन देता येत नाही, तर ते आधी शोधून काढा आणि त्याच्यावरची तारीख एका वहीत लिहा. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असेल तर पाकीट पण ठेवा, पत्र हातात कधी पडलं ते त्याच्यावरून दाखवता येतं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातली. आमचे आण्णा, म्हणजे वडील, फौजेतून हवालदार म्हणून २०१२ साली पेन्शनीवर आले, सुटायच्या आधी मेडिकल बोर्ड झाला, बोर्डाने बीपीमुळे ३० टक्के डिसॅबिलिटी लिहिली आणि पुढं लिहिलं एनए-एनए, म्हणजे नोकरीशी संबंध नाही. क्लेम नाकारल्याचं पत्र घरी आलं, त्यात खाली एका ओळीत लिहिलेलं की सहा महिन्यांत अपील करता येईल, पण ते पत्र ट्रंकेत डिस्चार्ज बुकाच्या खाली गेलं ते २०१७ पर्यंत तिथंच. आण्णांचं म्हणणं एकच, बोर्डाने नाही म्हटलं म्हणजे नाही. मला ते पत्र शेताच्या सातबाऱ्याचा जुना उतारा शोधताना सापडलं. तिथून पुढं पहिलं अपील, दुसरं अपील, मग ट्रिब्युनल म्हणजे फौजींच्या केसेसचं कोर्ट, सगळं मीच बघितलं आणि पैसे हातात आले २०२४ ला. त्यातला किती वेळ सरकारी टेबलावर गेला आणि किती आमच्याच वाट बघण्यात गेला याचा मी नंतर हिशोब मांडला तर जवळजवळ निम्मा आमचा निघाला. म्हणून हे लिहितेय. आता आजूबाजूच्या गावातले फौजी आणि फौजींच्या बायका कागद घेऊन घरी येतात, प्रत्येकाला तेच तेच पहिल्यापासून सांगावं लागतं.

आपला सातारा जिल्हा म्हणजे फौजींचा जिल्हा, अपशिंगे मिलिटरी सारख्या एका गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, घराघरात लोखंडी ट्रंक आहे आणि ट्रंकेत कागद आहेत. पण ते कागद वाचायचे कसे हे कुणी शिकवत नाही.

आधी शब्द समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही

रिलीज मेडिकल बोर्ड म्हणजे आरएमबी, हा नोकरी पूर्ण करून सुटताना होतो. इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड म्हणजे आयएमबी, आजारामुळे किंवा जखमेमुळे मधेच नोकरीतून काढतात तेव्हा. दोन्हीचा फॉर्म एएफएमएसएफ-१६. या फॉर्ममध्ये तीन गोष्टी तुमच्या कामाच्या. आजाराचं नाव आणि तो पहिल्यांदा कधी, कुठल्या ठिकाणी लक्षात आला. टक्केवारी किती आणि ती किती काळासाठी, म्हणजे काही वर्षांसाठी की लाईफ लाँग. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आजार सर्व्हिसला ॲट्रिब्युटेबल आहे का किंवा ॲग्रव्हेटेड आहे का. ॲट्रिब्युटेबल म्हणजे नोकरीमुळे झाला, ॲग्रव्हेटेड म्हणजे नोकरीमुळे वाढला. दोन्हीला नाही लिहिलं की झालं एनए-एनए, आणि बहुतेक क्लेम इथंच पडतात. दोन्ही होय असायची गरज नाही, एक जरी होय असलं आणि टक्केवारी २० किंवा जास्त असली तरी पेन्शन बसते.

पैशाचं पण सांगते कारण प्रत्येकजण पहिलं तेच विचारतो. डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात, सर्व्हिस एलिमेंट आणि डिसॅबिलिटी एलिमेंट. ज्या जवानाची १५ वर्षं भरलीत त्याला नेहमीची पेन्शन मिळतेच, तिच्यावर डिसॅबिलिटी एलिमेंट वेगळा मिळायला पाहिजे, भांडण त्याच्यासाठी. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा दर आहे. समजा शेवटचा हिशोबात धरायचा पगार ४०,००० आहे, तर १०० टक्क्यांना १२,००० होतात, आणि ३० टक्के डिसॅबिलिटीवाल्याला ३,६००. पण ब्रॉड बँडिंग नावाची गोष्ट आहे, म्हणजे २० ते ४९ टक्के असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५ धरायचे, ७६ च्या पुढं १००. मग त्याच माणसाला ६,००० होतात आणि वर महागाई भत्ता वेगळा. आधी हा फायदा मधेच आजारामुळे काढलेल्यांनाच देत होते, मुदत भरून सुटलेल्यांना नाही. सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये मुदत भरून सुटलेल्यांना पण तो लागू केला. हे नाव वहीत लिहून ठेवा, पुढं लागतं. लढाईत किंवा ऑपरेशनमध्ये झालेली जखम असेल तर प्रकार वेगळा, त्याला वॉर इंज्युरी म्हणतात आणि मुदत भरून सुटलेल्याला तिथं दर ३० च्या जागी ६० टक्के आहे.

आणि एक लक्षात ठेवा, २१ सप्टेंबर २०२३ पासून सुटणाऱ्यांना नवीन एंटायटलमेंट रूल्स लागतात, त्यात मुदत भरून सुटलेल्यांसाठी इम्पेअरमेंट रिलीफ असा शब्द आलाय. त्याआधी सुटलेले असाल तर तुमच्या वेळचे रूल्स बघायचे, म्हणजे १९८२ चे किंवा २००८ चे. कुणी व्हॉट्सॲपवर नवीन नियमांची पीडीएफ पाठवून सांगितलं की आता काही मिळत नाही, तर आधी स्वतःची सुटल्याची तारीख बघा.

कागद गोळा करा

डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, नाकारल्याचं पत्र, बोर्डाचा फॉर्म, आधी लो मेडिकल कॅटेगरी झाली असेल, म्हणजे नोकरीत असताना तब्येतीमुळे खालच्या वर्गात टाकलं असेल, तर त्या वेळच्या बोर्डांचे कागद, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होता त्याचे डिस्चार्ज स्लिप. जखम असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे फौजची चौकशी झाली असेल तर तिची कॉपी. सुट्टीवर असताना ॲक्सिडेंट झालेले पुष्कळ येतात, त्यांच्यासाठी कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा कागद म्हणजे जीव आहे, कारण ड्युटीच्या ठिकाणाहून गावी येताना किंवा परत जाताना झालेला ॲक्सिडेंट आणि सुट्टीत गावात घरच्या कामावर असताना झालेला ॲक्सिडेंट यात नियमाने फार फरक पडतो.

बहुतेकांकडे बोर्डाचा फॉर्मच नसतो. तो मागा. आधी साध्या अर्जाने रेकॉर्ड ऑफिसकडे, नाही दिला तर माहिती अधिकारात. २००५ चा कायदा आहे, फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर जोडायची, उत्तराची मुदत ३० दिवस. केंद्राच्या ऑनलाईन पोर्टलवरून पण करता येतो पण आमच्याकडचे काका लोक पोस्टल ऑर्डरवर जास्त विश्वास ठेवतात आणि चालतं ते पण. अर्जात मोघम लिहू नका की माझी सगळी माहिती द्या. नेमकं लिहा, माझ्या आरएमबीची संपूर्ण प्रत, भरती होतानाच्या मेडिकल तपासणीची प्रत, सगळ्या कॅटेगरी बोर्डांच्या प्रती, माझा क्लेम ज्या नोटिंगवर नाकारला त्या नोटिंगची प्रत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचं पहिलं अपील करा, त्याला फी नाही. हे अपील वेगळं आणि पेन्शनचं अपील वेगळं, लोक इथं गोंधळतात.

रेकॉर्ड ऑफिस कुठलं हे माहीतच नसतं असं पण होतं, खास करून विधवा बायकांना. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, आर्टिलरीचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नलचं जबलपूरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. डिस्चार्ज बुकावर नाव असतंच.

जुने कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात, म्हणून जुन्या केसवाल्यांनी हे काम उद्यावर टाकू नका. सगळ्याची झेरॉक्स दोन सेट काढा, साताऱ्यात पोवई नाक्यावर पाच रुपये वाचवायला अर्धवट पानं काढू नका, पाठपोट काढा, बोर्डाच्या फॉर्मच्या मागच्या बाजूलाच डॉक्टरचं मत लिहिलेलं सापडतं. मोबाईलमध्ये स्कॅन पण ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, वकिलाला पण नाही.

आणखी एक, नावं जुळतात का बघा. डिस्चार्ज बुकात बाबू, आधारला बाबुराव, बँकेत बी. शंकर, आणि जन्मतारीख तिसरीच. क्लेम मंजूर झाल्यावर स्पर्श या फौजींच्या पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर इथंच अडकतं आणि मग परत चार-सहा महिने. अपील चालू आहे तोपर्यंत हे दुरुस्त करून घ्या.

पोस्टिंगचा तक्ता, खरं अपील इथं लिहिलं जातं

हे सगळ्यात जास्त वेळ देऊन करा. बोर्ड काय लिहितं, आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत ठिकाणच्या पोस्टिंगला, असताना सुरू झाला, त्यामुळे नोकरीशी संबंध नाही. आण्णांच्या फॉर्मवर पण हेच होतं. पण आजार कागदावर ज्या दिवशी आला त्या दिवशीच अंगात आला असं थोडंच असतं? बीपी तपासलं पीसमध्ये, कारण तपासणी तिथं झाली. त्याआधी माणूस तीन वर्षं कुठं होता?

म्हणून मी आण्णांना घेऊन बसले, एक संध्याकाळ नाही, पाच-सहा संध्याकाळी. त्यांना तारखा आठवत नव्हत्या पण आठवत होतं की दिवाळीला पोस्टवर बर्फ किती होता, माझा जन्म झाल्याची तार कुठं मिळाली, चुलत्याचं लग्न चुकलं ते कशामुळे. त्याच्यावरून वर्षं लावली आणि डिस्चार्ज बुकातल्या नोंदीशी जुळवली. तक्ता साधा करायचा, वर्ष, जागा, फील्ड (सरहद्दीकडची पोस्टिंग) की पीस की हाय अल्टिट्यूड (उंच डोंगरावरची), काम काय होतं, आणि त्या काळात काही आजारपण. पहिल्यांदाच आण्णांनी आम्हाला सांगितलं की त्या बर्फाच्या पोस्टवरून खाली आल्यावर सहा महिन्यांत चक्कर यायला लागलेली आणि युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गोळी घेऊन ते परत कामावर जायचे, कुणाला सांगितलं नाही कारण कॅटेगरी झाली तर प्रमोशन जाईल. बहुतेक जवानांचं हेच आहे. आईला पण तेव्हाच कळलं.

मेडिकल ऑफिसरांसाठीचं एक सरकारी गाईड आहे, मिलिटरी पेन्शनसाठीचं, २००२ चं आणि २००८ ला सुधारलेलं. बीपी, हार्ट, मानसिक आजार, अशा प्रत्येक आजाराला नोकरीचा संबंध कधी धरायचा ते त्यात लिहिलंय, फील्ड आणि हाय अल्टिट्यूडच्या नोकरीचा उल्लेख आहे. हार्टच्या आजारात तर आधीच्या १४ दिवसांत काय काम दिलेलं होतं ते बघतात. तुमच्या आजाराचा भाग त्यात वाचा आणि तक्ता त्याच्याशी जोडा. एवढं केलं की तुमचं अपील बाकीच्या विनंतीवजा पत्रांपेक्षा वेगळं दिसतं.

पहिलं अपील

नाकारल्याचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत करायचं, रेकॉर्ड ऑफिसच्या नावाने, ते पुढं कमिटीकडे पाठवतात. सहा महिने होऊन गेलेत म्हणून सोडून देऊ नका, उशीर का झाला ते खरं खरं दोन ओळीत लिहा आणि माफ करायची विनंती करा. आम्ही पाच वर्षांनी केलं तरी घेतलं.

इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, मराठीत लिहिलेलं तिकडं फिरत राहील. दीड-दोन पानं बास. मी कशी सेवा केली, माझ्या घरात तीन पिढ्या फौजी, हे सगळं खरं असलं तरी कमिटीला त्याने फरक पडत नाही. या गोष्टी लिहा. भरतीच्या वेळी मेडिकल तपासणीत मी पूर्ण फिट होतो आणि या आजाराची कुठलीही नोंद तेव्हा नाही. अमुक साली अमुक ठिकाणी नोकरी केली, तक्ता सोबत. बोर्डाने आजार नोकरीमुळे नाही असं लिहिलं पण त्याचं कारण दिलेलं नाही, किंवा नुसतं कॉन्स्टिट्यूशनल (म्हणजे शरीराच्या मूळ ठेवणीतला) असा एक शब्द लिहिलाय. आणि मग सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग केसचा निकाल.

हा निकाल काय ते नीट समजून घ्या कारण पुढच्या सगळ्या केसेस याच्यावर उभ्या आहेत. सिग्नलचा जवान, नोकरीत असताना फिट यायला लागल्या, २० टक्के डिसॅबिलिटीवर काढला आणि नोकरीशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं, नंतर तब्येत बिघडली तर ती नोकरीमुळे असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर, जवानावर नाही. शंका असेल तर फायदा जवानाला. बोर्डाने कारण लिहिलं पाहिजे. आता हे वाचून सगळ्यांच्याच केसेस आपोआप जिंकतात असं समजू नका, बोर्डाने कारण नीट लिहिलेलं असेल, दारू-तंबाखू किंवा वजनाची नोंद असेल तर तिथं घासाघीस होते. पण पुष्कळांच्या फॉर्मवर कारणाची जागा एका शब्दात संपवलेली असते.

ज्यांना मधेच काढलं आणि टक्केवारी २० पेक्षा कमी लिहिली त्यांनी २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल पण लिहा. त्यात कोर्ट म्हणतं की आजारामुळे नोकरीतून काढलं म्हणजे डिसॅबिलिटी २० च्या वरच धरायची.

स्पीड पोस्टने पाठवा, पावती वहीत चिकटवा, ट्रॅकिंगचं पान डिलिव्हर्ड दाखवतं त्या दिवशीच प्रिंट काढा किंवा स्क्रीनशॉट घ्या, काही दिवसांनी ते दिसायचं बंद होतं. ही पोच म्हणजे तुमचा पुढचा सगळा खेळ आहे, कशी ते खाली सांगते.

वाट बघणं, आणि कुठं थांबवायचं

अपील टाकलं की काय होतं, काहीच होत नाही. आम्हाला पहिल्याचं उत्तर यायला १९ महिने लागले, आणि उत्तर काय तर परत तेच वाक्य. फोन केला की सांगायचे फाईल वर गेलीय, वर केला की सांगायचे खालून आलीच नाही. एका ऑफिसमधल्या माणसाने तर मला सांगितलं ताई दर महिन्याला फोन करू नका, फाईल मागे जाते. मी घाबरून चार महिने फोन केला नाही. असं काही नसतं. फोन करा पण फोनवर अवलंबून राहू नका, दर दोन-तीन महिन्यांनी लेखी आठवण पाठवा आणि प्रत ठेवा. माहिती अधिकारात विचारा की माझं अमुक तारखेचं अपील तुम्हाला कधी मिळालं, पुढं कुठल्या पत्राने कुणाकडे कधी पाठवलं, आज कुणाकडे आहे. या एका प्रश्नाने फाईल बऱ्याचदा हलते कारण उत्तर द्यायला तरी कुणाला तरी ती शोधावी लागते. सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते, तिचा नंबर मिळतो, पण तिथं बऱ्याचदा प्रकरण विचाराधीन आहे असं लिहून बंद करतात, तरी तो कागद पण जपून ठेवा.

पहिलं अपील नाकारलं तर सहा महिन्यांत दुसरं, त्याची कमिटी वेगळी. दुसरं आम्ही टाकलं आणि दोन वर्षं वाट बघितली, उत्तरच नाही. उत्तर आल्याशिवाय पुढं जाता येत नाही असं आम्हाला वाटायचं. इथं आम्ही सगळ्यात मोठी चूक केली आणि माझ्याकडे येणारे दहातले आठ तीच करतात.

आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचा कायदा २००७ चा आहे. त्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की आधी खात्यातले उपाय करून या, पण अपील किंवा अर्ज देऊन सहा महिने झाले आणि अंतिम उत्तर आलं नाही तर ते उपाय संपले असंच धरतात. म्हणजे सहा महिने झाले की तुम्ही सरळ ट्रिब्युनलकडे जाऊ शकता. उत्तराची गरज नाही, अपील टाकल्याची पोच पाहिजे. म्हणून ती पावती. आणि कलम २२ मध्ये पुढची मुदत आहे, अंतिम उत्तर आलं तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत जा, उत्तर आलंच नाही तर ते वाट बघायचे सहा महिने संपल्यापासून पुढच्या सहा महिन्यांत जा. चुकली मुदत तर उशीर माफ करायचा अर्ज सोबत जोडतात, पेन्शन दर महिन्याची गोष्ट असल्यामुळे तो बहुतेक वेळा मंजूर होतो.

मग घाई कशाला, उशीर माफ होतोय तर? घाई पैशासाठी. २००८ ला सुप्रीम कोर्टाचा तरसेम सिंग निकाल आहे. तो जवान १९८३ ला सुटला आणि कोर्टात गेला १९९९ ला. कोर्टाने सांगितलं पेन्शन हा चालू राहणारा हक्क आहे, उशीर झाला म्हणून केस फेकता येत नाही, पण मागची थकबाकी केस टाकायच्या आधीच्या साधारण तीन वर्षांपुरतीच. तेव्हापासून उशिराने आलेल्या केसेसमध्ये ट्रिब्युनल बऱ्याचदा हाच हिशोब लावतं. आमची केस २०२१ ला दाखल झाली, थकबाकी मिळाली २०१८ पासून. २०१२ ते २०१८, आण्णांच्या हक्काची सहा वर्षं, ती गेली. त्यातली पाच ट्रंकेत गेली, आणि नंतर उत्तराची वाट बघत बसलो ते महिने पण त्यातच धरा, कारण केस जेवढी पुढं गेली तेवढी तीन वर्षांची रेघ पण पुढं सरकली. ते पैसे आता कुणीच देणार नाही.

म्हणून वहीत अपील टाकल्याच्या तारखेसमोर लगेच सहा महिन्यांनंतरची तारीख लाल पेनाने लिहून ठेवा. त्या दिवशी उत्तर आलेलं असो वा नसो, तुम्ही वकिलाकडे असलं पाहिजे.

ट्रिब्युनल

ट्रिब्युनल २००९ ला सुरू झालं, मुख्य बेंच दिल्लीला, आपल्यासाठी मुंबईचं बेंच. नोकरी कुठंही झाली असली, रेकॉर्ड कुठलंही असलं, तरी सुटलेला माणूस जिथं राहतो तिथल्या बेंचकडे केस टाकू शकतो, त्यामुळे सातारा-सांगलीच्या माणसाला दिल्लीला जायची गरज नाही. केसला ओए म्हणतात, उशीर माफीच्या अर्जाला एमए. स्वतः पण उभं राहता येतं, पण वकील घ्या. सातारचा नेहमीचा दिवाणी वकील कितीही चांगला असला तरी हा विषय वेगळा आहे, ट्रिब्युनलमध्ये रोज उभा राहणारा बघा आणि त्याला विचारा डिसॅबिलिटीच्या किती केसेस चालवल्यात. फी आधी ठरवून लिहून घ्या. थकबाकीतले वीस-तीस टक्के द्या, मी सगळं करतो म्हणणारे एजंट कॅन्टीनच्या बाहेर भेटतात, त्यांच्या हातात डिस्चार्ज बुक देऊ नका. एका वीरपत्नी मावशींचे मूळ कागद असे दोन वर्षं अडकले होते.

पैसे नसतील तर मोफत वकील मागा. ट्रिब्युनलमध्ये कायदेशीर मदतीची सोय असते, शिवाय जुलै २०२५ मध्ये नालसाने म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली, त्यात सैनिक बोर्डांच्या ऑफिसमध्ये कायदेशीर सल्ल्याची सोय करायची आहे. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नेमकं हेच नाव घेऊन विचारा. सांगलीवाल्यांनी तिकडच्या कार्यालयात. या कार्यालयाच्या हातात मेडिकल बोर्ड बदलणं नाही, तिथं चिडून उपयोग नाही, पण पत्राला कव्हरिंग लेटर देणं, रेकॉर्डशी पत्रव्यवहार करणं, विधवांचे फॉर्म भरणं हे ते करतात.

केस टाकली की सरकारला उत्तरासाठी मुदत मिळते, मग परत मुदत, मग तारीख. आमची केस दोन वर्षं चालली, त्यात आण्णा फक्त दोनदा मुंबईला आले, तेही त्यांना स्वतःच्या डोळ्याने बघायचं होतं म्हणून. प्रत्येक तारखेला जायची गरज नसते. अर्जात ब्रॉड बँडिंग आणि थकबाकीवर व्याज या दोन्ही गोष्टी स्पष्ट मागितल्यात का ते सही करायच्या आधी वाचा, न मागितलेलं मिळेलच असं नाही. कधी कधी ट्रिब्युनल सरळ निकाल न देता परत मेडिकल बोर्ड करा असं सांगतं, रिसर्व्हे बोर्ड, त्याला बोलावलं की जायचंच, चालू उपचाराचे ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) सगळे कागद घेऊन. गैरहजर राहिलात तर सगळं तिथंच लटकतं.

निकाल लागल्यावर

निकालाची सर्टिफाईड कॉपी घ्या आणि रेकॉर्ड ऑफिसला स्वतः पण पाठवा, वकील पाठवेल म्हणून बसू नका. निकालात साधारण तीन-चार महिन्यांची मुदत दिलेली असते आणि त्यानंतर व्याज. मुदत गेली आणि काही हललं नाही तर अंमलबजावणीचा अर्ज टाकायचा, त्याला एक्झिक्युशन म्हणतात, त्याशिवाय बऱ्याच निकालांचे पैसे निघत नाहीत हे अनुभवाने सांगते. सरकार निकालावर वर जाऊ शकतं, हायकोर्टात रिट किंवा सुप्रीम कोर्टात, पण वर गेलं म्हणून निकाल आपोआप थांबत नाही, स्टे मिळालाय का ते विचारा. स्टे नसेल तर पैसे मागत राहा.

मधल्या काळात माणूस गेला तर केस संपत नाही. वारसांना नाव लावून पुढं चालवता येते आणि थकबाकी घरच्यांना मिळते, पण लवकर कळवावं लागतं. म्हणून केस नंबर, वकिलाचा फोन आणि ती वही कुठं आहे हे घरात निदान दोघांना माहीत पाहिजे. बायकोला नक्की.

जे अजून नोकरीत आहेत आणि वर्ष-दोन वर्षांत सुटणार आहेत त्यांनी बोर्डाच्या आधीच तक्ता करा, बोर्डासमोर तोंडी सांगू नका, लेखी द्या, आणि दुखणं लपवू नका. बोर्डाच्या फॉर्मची प्रत हातात घेऊनच घरी या.

शेवटी पीपीओ. मंजुरी आली की प्रयागराजहून सुधारित पीपीओ निघतो आणि स्पर्शवर दिसतो. तो उघडून टक्केवारीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा, आण्णांच्या पहिल्या पीपीओत ५० च्या जागी ३० च आलेलं, निकालाची प्रत जोडून तक्रार टाकली तेव्हा तीन महिन्यांनी दुरुस्त झालं. कधीपासून लागू ती तारीख बघा, किती काळासाठी आहे ते बघा, लाईफ लाँग आहे की पुढच्या बोर्डाची तारीख दिलीय. बँकेत आलेली थकबाकी महिन्यांनी गुणून स्वतः ताडून बघा, महागाई भत्त्यासकट. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला चुकवू नका, नाहीतर एवढं करून मिळालेली पेन्शन डिसेंबरात बंद पडलेली दिसेल.